सतरंजीचं दुसरं टोक

हॅलो?

हॅलो... कोण? दत्तराव? मोठ्यानं बोला की. कुजबुजायलात कामून?

गोठ्यातून? भर दुपारचं गोठ्यात काय करायलात?

बरं बरं, घरात माणसं हायेत, समजलं. पण मग म्हशीला जरा पलीकडं सरकवा. तुमच्यापेक्षा तिचाच आवाज जास्त यायलाय.

हां, आता आला. बोला... थांबा, थांबा, एक मिनिट. दूध... थांबा जरा.

...

गेलं उतू. न्हाई, थोडंच गेलं. आज मीटिंगच्या चहाची पाळी माझी हाय ना, मोठ्या पातेल्यात ठेवलंय. फोन मानेत धरलाय आन फडकं सापडना. हरिओमची आई होती तवा फडकं ओट्याच्या खिळ्याला असायचं. आता रोज नव्या जागी सापडतं.

हो, मीच ठेवतो की. दुसरं कोण हाय. हरिओमला तर फडकं काय असतं तेच माहीत न्हाई.

बोला तुमी.

काय?

येणार न्हाई म्हणजे? मीटिंगला येणार न्हाई?... आज न्हाई का कधीच न्हाई?

दत्तराव... अहो ऐका... ऐका तर. सोयरीक मोडायला फोन केला का ग्रुप सोडायला? एक काहीतरी धरा.

सोयरीक ठेवायची, ग्रुप सोडायचा. हे कुणी ठरवलं?... एकट्यानं? गोठ्यात बसून?... आन म्हशीनं हो म्हणलं.

न्हाई, चेष्टा न्हाई करायलो. सांगा, ऐकायलो मी.

हां... हां... हो, तेवढं बरोबर हाय. मुलीचा बाप उभा राहून सांगणार, मी पिऊन काय काय केलं, आन मुलाचा बाप समोर मांडी घालून ऐकणार. हो, बोलून दाखवलं की वाईटच वाटतंय. पण आपण इतकी वर्षं तेच करायलो की. ते...

तवा इवाई नव्हतो. आता होणार. बरं. मग?

आन तुमच्या निकिताला पोरगा पसंत हाय. आमच्या हरिओमला बी पोरगी पसंत हाय. कालपासून तो दाढी करायलाय. सकाळी केली, परत आत्ता करायलाय. कुठं जायचं न्हाई काही न्हाई.

म्हणून तुमी पोरीसाठी ग्रुप सोडणार. लय मोठं मन हाय तुमचं. आन दारू सोडवणारा ग्रुप सोडून परत पिऊ लागले की पोरीचं काय भलं होणार हाय, ते म्हशीला विचारलं का?

न्हाई पिणार. बरं. आपल्यातलं कोण म्हणलंय आजवर, की मी पिणार हाय म्हणून?

काल? कालचं माझ्यामुळं झालं? दत्तराव, देव बघायलाय वरून. काल आपलं काय ठरलं होतं? तुमीच फोन केलता मला. की स्थळ आलंय, मामांनी आणलंय, मुलगा तुमचाच निघाला, आता कसं करायचं. आपण काय ठरवलं? आपली ओळख न्हाई. पहिल्यांदाच भेटायलो. कुणी विचारलं, तुमी एकमेकाला कुठून ओळखता, तर काय सांगणार होतो? ग्रुपचा नियम हाय, दुसऱ्याचं नाव बाहेर काढायचं न्हाई.

मी पाळला का न्हाई नियम? जीपमधून उतरलो, तुमच्याकडं ढुंकून बघितलं न्हाई. तुमाला सोडून तुमच्या भावाला रामराम घातला.

त्यांना वाटलं मला कमी दिसतं? वाटू द्या. त्यानं काही बिघडलं न्हाई.

बिघडलं कशानं ते ऐका. सगळे बसलो. ओळखपाळख सुरू झाली. तुमी उठून उभे राहिले. उभं राहायची काय गरज होती? जगात माणसं बसून ओळख करून देतात. तुमी उभे राहिले, हात मागं बांधले आन म्हणाले, 'माझं नाव दत्तराव.' आन थांबले.

थांबले कामून?

सवय. हां. आन मला काय सवय न्हाई का? मीटिंगमध्ये समोर माणूस उभा राहून नाव सांगतो आन थांबतो, की तोंडातून आपोआप निघतं. 'नमस्कार, दत्तराव.' त्याच सुरात. त्याच मोठ्या आवाजात. तुमी पुढं गावाचं नाव, शेतीचं काही बोलले असते, तर मी गप बसलो असतो.

पण मी एकटा बोललो का? ते सांगा ना. कोपऱ्यातून दुसरा आवाज आला का न्हाई?... कोण होतं? तुमचेच मेहुणे. महारुद्र मामा. रेल्वेतून रिटायर, गळ्यात माळ, चहात विलायची जास्त झाली तर डोकं धरतात. तेच म्हणाले, 'नमस्कार, दत्तराव.' माझ्यापेक्षा लांबवून.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आमी दोघं वर पंख्याकडं बघत बसलो. पंखा बंद होता.

पूर्णेच्या ग्रुपला जात असणार. हो... मग तुमीच म्हणायचे ना, मामा रिटायर झाले तरी दर बुधवारी रेल्वेत बसून पूर्णेला कामून जातात. जुन्या दोस्तांना भेटायला, म्हणायचे. तर हे ते दोस्त.

न्हाई, मी विचारलं न्हाई. तुमी बी विचारू नका. नियम हाय.

आता माझ्याकडं काय झालंय ते ऐका. माझी बहीण राजेश्री. परत येताना जीपमध्ये मला म्हणाली, दादा, मघाशी हे शाळेतल्या पोरांसारखं काय होतं? आता मी काय सांगावं? म्हणलं, ती त्यांच्याकडची रीत हाय. मुलीच्या बापानं उभं राहून नाव सांगायचं, बाकीच्यांनी नमस्कार म्हणायचा. मला मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणलं.

अहो, मग दुसरं काय सांगू? ऐनवेळी जे सुचलं ते.

तुमी काय सांगितलं तुमच्या भावांना?... आमची रीत? मुलाकडच्यांची? आन मामांनी पाहुण्यांचा मान राखला म्हणून साथ दिली?

दत्तराव... आता पुढं काय होणार हाय ते आलं का ध्यानात? राजेश्री सकाळपासून फोनवर फोन लावायली. आमच्या सगळ्या बायकांना सांगायली, त्यांची रीत हाय, साखरपुड्याला आपण कमी पडायचं न्हाई. माझ्या मावशीला तर तिनं फोनवर म्हणून दाखवायला लावलं. तिकडं तुमचे भाऊ म्हणणार, पाहुण्यांची रीत हाय, आवाज बारीक नको. तुमी मांडवात उभे राहून 'माझं नाव दत्तराव' म्हणलं की सगळा मांडव एका सुरात...

हसायलात?

हसलात ना? मला आवाज आला. न्हाई, म्हैस न्हाई हसली.

मग झालं की. निघा आता. जीप किती वाजता...

परत तेच. अहो, एवढं हसून परत तेच. कामून पण?

सतरंजीचं काय? ते काढूच नका. काढलंच तर चूक दोघांची हाय. चहापाणी झालं, माणसं उठली, आन माझे हात आपसूक खाली गेले. रविवारी मीटिंग संपली की सतरंजी आपल्या दोघांकडं असती. मी एक टोक उचललं. वरबापानं. मुलीच्या घरात. हो, मान्य हाय. पण मला थांबवायचं सोडून तुमी काय केलं? दुसरं टोक धरलं. झटकली, जुळवली, मागं सरकलो, परत जुळवली. कवायत केल्यासारखं. तुमची भावजय पानसुपारीचं ताट घेऊन दारात उभी, तिला वाट द्यावी हे बी सुचलं न्हाई आपल्याला.

काय म्हणाली ती? पाहुणे लय साधे हायेत? बघा. उलट चांगलंच झालं.

हां... हां... बोला.

मग हे आधी सांगायचं ना. हसण्यावारी कामून घालवलं इतका वेळ.

तुमाला वाटतंय मला तुमचं सगळं माहीत हाय. लग्नानंतर कधी काही वाकडं झालं, तर मी ते काढीन. पोरीला ऐकून घ्यावं लागंल. असंच ना?

दत्तराव, तुमचं मला माहीत हाय, तसं माझं तुमाला न्हाई का? बैलगाडीत पडून झोपलो, बैलं आपल्या मनानं चालत सासुरवाडीला गेली, आन सकाळी सासऱ्यानं मला वैरणीसकट उतरवून घेतलं. हे आमच्या गावात कुणाला माहीत न्हाई. तुमाला माहीत हाय. तुमी काढलं का कधी?

मग. बाकीचे इवाई लग्न झाल्यावर एकमेकांचं उकरून काढतात. आपलं आधीच काढून झालंय. आपल्याइतकं निवांत इवाई जिल्ह्यात सापडणार न्हाईत.

हं... पण पोरीचा बाप म्हणून. हो. ते वेगळं हाय. मला मुलगी न्हाई, मला न्हाई कळायचं, हे बी खरं हाय.

एक विचारू? खरं सांगा. काल आमी गेल्यावर काय केलं तुमी?

...

दत्तराव, सांगा. मी इथंच हाय.

फाट्यावर गेले. देवगाव फाट्यावर. एकटेच?... मग?... दुकानापर्यंत... आत गेले?... हां... मी कुठं ओरडायलो. ओरडलो का? सांगा पुढं. काय घेतलं?

शेव?

आन?... नुसती शेव?

म्हणजे दारूच्या दुकानात जाऊन तुमी नुसता चकणा घेऊन आलात. दुकानदार काही म्हणला न्हाई का?... 'बाकीचं?' मग तुमी काय म्हणलं?... 'बाकीचं घरी हाय.' घरी काय हाय तुमच्या? म्हैस हाय.

हसू नका, मी बी न्हाई हसत. खरं तर मी इथं दूध ढवळायचं सोडून उभा हाय. परत कशामुळं फिरले ते सांगा.

पैसे काढायला खिशात हात घातला... आन चावी लागली हाताला. शाळेची, आपल्या मीटिंगच्या वर्गाची.

मग बघा. आन शेव कामून घेतली? चावी लागली तवाच फिरायचं.

नुसतं परत यायची लाज वाटली. गिऱ्हाईक म्हणून आत गेलो आन तसाच बाहेर आलो तर तो काय म्हणंल. बरं. हे मात्र तुमीच करू जाणे.

न्हाई. न्हाई, चावी पाठवायची न्हाई. जीपवाल्या पप्पूच्या हातानं तर मुळीच न्हाई. चावीसोबत माणूस येतो. चावी एकटी येत न्हाई.

ऐका. ती चावी तुमाला कामून दिली माहीत हाय का? लय विश्वासू म्हणून दिली असं वाटतंय ना?... वाटणारच. मला बी वाटलं होतं. तुमच्या आधी ती माझ्याकडं होती. सिद्धोधन सरांना विचारा. सेलूचा ग्रुप सुरू झाल्यापासूनची पद्धत हाय. ज्याचा भरवसा सगळ्यात कमी, त्याच्याकडं चावी. तो आला न्हाई तर बाकीचे सगळे शाळेच्या दारात उभे राहतात, जाणारे येणारे बघतात. आन हे त्याला माहीत असतं. म्हणून तो येतो.

हो, मान म्हणून न्हाई. राग आला? यऊ द्या. रागात का होईना, जीपमध्ये बसा.

काय होतं म्हणजे?

बसून काय होतं. हां. दहा बेवडे एका ठिकाणी बसून एकमेकाला गोष्टी सांगतात, त्यानं कुणाची सुटली. आज तुमी नागनाथसारखं बोलायलात. तो बी असंच म्हणून गेला.

खोटं कशाला बोलू? सगळ्यांची न्हाई सुटत. नागनाथ गेला तो गेला. पंडित किती वेळा गेला आन किती वेळा आला, त्याचं त्याला आठवत न्हाई. काहीजण दवाखान्यात गेले, गोळ्या घेतात, तिकडंच बरे झाले, चांगलं हाय. तुमच्या बी गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. काहीजण एका रविवारी आले, चहा प्याले, परत दिसले न्हाईत. सर म्हणतात ना, येणाऱ्यातले निम्मे टिकत न्हाईत. मग मी तरी कुठं म्हणायलो की तिथं जादू हाय.

मला एवढंच कळतं. एकटा बसलो की माझ्या डोक्यात एकच माणूस बोलतो, आन तो मलाच फसवतो. तिथं गेलो की दुसरे बोलतात. मी तोंड उघडायच्या आधी त्यांना माझं खोटं कळतं, कारण ते त्यांनी आधीच बोलून झालेलं असतं. घरच्यांना आपण फसवू शकतो. पंडितला कसं फसवणार? तो तर आपला गुरू हाय त्यातला.

आन दुसरं... राहू द्या.

न्हाई, राहू द्या म्हणलं ना.

बरं, ऐका. छत्री आठवती का?... कोणती काय. काळी. मनकर्णा गेली, दहावा झाला, पाहुणे गेले. हरिओम रातपाळीच्या कामावर जाऊ लागला. संध्याकाळ झाली की घर अंगावर यायचं. त्या संध्याकाळी तुमी दारात. हातात छत्री. म्हणाले, रंगनाथराव, तुमची छत्री मीटिंगमध्ये राहिली, ती द्यायला आलो. बसले. जेवूनच गेले.

दुसऱ्या दिवशी परत. काय म्हणाले? आमची बकरी चुकून इकडं आली का बघायला आलो. देवगाव फाट्यावरून तुमची बकरी माझ्या गावाला. जीपनं आली असंल. तिसऱ्या दिवशी बियाणं विचारायला आले, पेरण्या होऊन गेल्या होत्या. मग एकदा तर काही सांगितलंच न्हाई, नुसतं 'आलो' म्हणाले आन शेंगा फोडत बसले.

मी तवा काही बोललो न्हाई. आज सांगतो. ती छत्री माझी नव्हती. माझ्याकडं छत्रीच नव्हती कधी. अजून खिळ्याला हाय. हरिओम विचारतो, बाबा, ही कुणाची? मी म्हणतो, हाय एकाची.

तर बसून काय होतं, हे मला विचारू नका. तुमी नसते आले तर मी आज फोन उचलायला नसतो.

...

दत्तराव?... हॅलो?... रडायलात का?

बरं, न्हाई रडत. म्हशीनं शेपटी मारली डोळ्याला. बरं.

मग येतायत ना? ऐका, तुमी न्हाई आले तर ती सतरंजी मी एकट्यानं कशी घडी करू? घरी चादरीचं तेच झालंय. एक टोक मी धरतो, दुसरं जमिनीवर लोळतं. शेवटी गोळा करून कपाटात कोंबतो...

काय झालं? कोण आलं?... हॅलो?... दत्तराव, कोण हाय तिकडं?

...

वैनी?

नमस्कार वैनी, नमस्कार. न्हाई, काही न्हाई, सहजच... म्हशीच्या दुधाचं चाललं होतं... फॅट किती लागते म्हणून...

सगळं ऐकलं? कुठून?

कडब्यामागून. बरं. कवापासून?... छत्रीपासून. न्हाई? त्याच्या आधी? शेवेपासून. मग तर सगळंच ऐकलं.

आन मामा बी? मामा बी कडब्यामागं हायेत? वैनी, तुमच्या घरात माणसं बसतात तरी कुठं?

न्हाई, तुमी रागावू नका त्यांच्यावर. शेवच होती ती. मी विचारून घेतलं नीट... हो, तुमी पिशवी उघडून बघितलीच असंल.

बोला ना. ऐकायलो.

कोण? मनकर्णा?... आमची मनकर्णा?

हो, यायची की माझ्यासोबत सेलूला. दर रविवारी यायची. मी मीटिंगला, ती बाजारात. भाजी घ्यायची, चार ओळखीच्या बायका भेटायच्या...

बाजारात जात नव्हती? मग कुठं?

शाळेच्या हौदावर. तुमी बी तिथंच? दोघी?... वैनी, तुमी तर डोळ्याच्या दवाखान्यात जायच्या ना? दत्तराव तसंच सांगायचे आमाला. दर रविवारी डोळे कसे दुखतात, आमाला नवल वाटायचं.

पहारा... हां. शाळेला दोन दारं. ती पुढच्या दारावर, तुमी मागच्या. आमी मागून पळून जातो का बघायला. पहिले दोन महिने पहारा, मग सवयच लागली म्हणून. कळलं. आन आमी आत बसून म्हणायलो, आपण आपल्या मनानं येतो.

पंडित एकदा मागच्या दारानं निघाला होता? आन तुमी? त्याला हाताला धरून परत आत... तो म्हणला होता मला, की आतून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं म्हणून परत आलो. आमी तर टाळ्या वाजवल्या होत्या त्याच्यासाठी.

मग?

निकिता डबा द्यायला आलती... हौदावर... हां... मनकर्णानं बघितलं तिला. काय म्हणाली?

...

परत सांगा वैनी. नीट ऐकू आलं न्हाई.

'ही माझ्या हरिओमला द्या.' असंच म्हणाली? त्याच शब्दात?

मला बोलली न्हाई कधी. इतकं मोठं ठरवून बसली आन मला एका शब्दानं...

कामून नको म्हणाली सांगायला?

...

हो. हो, बरोबर हाय तिचं. इवाई होणार हे कळलं तर आत तोंड उघडणार न्हाईत. दोघं बी लाजेनं गप बसतील आन मग पितील. आधी यांचं बोलून होऊ द्या, मग सोयरीक काढू.

ऐकलं का दत्तराव? ऐकायलेत ना ते? तुमी आज गोठ्यात बसून ज्याचा घोर करायलात, तो तिनं हौदावर बसून आधीच करून ठेवला होता. आपल्याला चावी देणाऱ्या सरांपेक्षा ती पुढची निघाली.

म्हणजे मामांना तुमीच पाठवलं वैनी? स्थळ घेऊन? तरीच. मी म्हणलं, पूर्णेच्या गाडीत बसणाऱ्या माणसाला आमच्या गावचा पत्ता कुठून मिळाला.

हरिओमला माहीत होतं का?... निकितालाच माहीत न्हाई, मग त्याला कुठून. बरं हाय. एखादी गोष्ट तरी पोरांनी आपली आपण पसंत केली.

वैनी, एक विचारतो. ती बाजारात गेलीच न्हाई, तर मग भाजी? दर रविवारी पिशवीत भाजी असायची. मेथी असायची.

तुमची? तुमच्या शेतातली?

...

न्हाई. काही न्हाई झालं. हाय मी.

मला म्हणायची, सेलूच्या बाजारात मेथी लय चांगली मिळते. ती गेल्यावर मी गेलतो बाजारात. सगळ्या पाट्या हिंडलो, एकीकडून दुसरीकडं. घेतली, आणली, केली. तशी न्हाई लागली. मला वाटलं, मला करता येत न्हाई म्हणून. दर हप्त्याला दुसऱ्या बाईकडून घ्यायचो. एक बाई तर म्हणाली, काका, तुमाला नेमकी कसली मेथी पाहिजे.

मला काय माहीत, ती तुमची होती म्हणून.

...

न्हाई वैनी, रडत न्हाई. दूध आटायलंय, ते बघायलो. वाफ हाय.

द्या, द्या त्यांना.

हां, दत्तराव... न्हाई, ठीक हाय मी. थोडं... जरा थांबा. गॅस बारीक करतो.

...

तुमीच बोलायलात आता. मघाशी मी बोलत होतो. बरं, बोला.

काय म्हणू? आत्ता? फोनवर?... उभं राहू? उभाच हाय मी, ओट्यापाशी. दूध ढवळायलो.

बरं. म्हणतो.

माझं नाव... माझं नाव रंगनाथ.

...

हां. आला आवाज.

तिघांचा आला. मामांचा सगळ्यात लांब.

न्हाई, पाहिजे होता. आज पाहिजे होता तो. बरं वाटलं.

आता निघा. जीप चुकवू नका. वैनींना बी आणा, हौद मोकळाच हाय. मामांना म्हणावं, यायचं तर या, कुणी काही विचारणार न्हाई. चावी खिशात हाय ना? हात लावून बघा... हां.

आन दत्तराव, येताना मेथीची एक जुडी आणा. न्हाई, निवडलेली नको. मी निवडतो. मातीसकट आणा.

ठेवतो. दूध बघतो.